रीमर कसा निवडावा, शेंड्याची लांबी किती असावी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला गाळा असो की नवी मुंबईच्या रबाळे, महापे, पावणे, तुर्भे पट्ट्यातला कारखाना, एच७ भोकाचे, म्हणजे नाममात्र मापापेक्षा काही मायक्रॉनच मोठे चालणाऱ्या अचूक भोकाचे, काम सगळीकडे येते आणि परत आलेल्या मालातही ते हमखास सापडते. खालचे प्रश्न टर्नर, फिटर, सीएनसी ऑपरेटर, क्वालिटीवाले आणि नुकतेच स्वतःचे मशीन टाकलेले लोक पुन्हा पुन्हा विचारतात. मापे मिमीमध्ये आहेत. जिथे वेगळे सांगितलेले नाही तिथे माल ठेवण्याचे आकडे व्यासावर धरावेत.

रीमर नेमके काय करतो?

आधी पाडलेल्या भोकातून तो अगदी थोडा माल काढतो. भोकाला अचूक व्यास, गोलाई आणि गुळगुळीत पृष्ठ देणे एवढेच त्याचे काम. भोकाची जागा तो सुधारत नाही. ड्रिल ०.१ ने सरकले असेल किंवा वाकडे गेले असेल, तर रीमर त्याच वाकड्या वाटेने जातो. बाहेर येते ते मापाला बरोबर पण चुकीच्या जागचे भोक. जागा महत्त्वाची असेल तर ड्रिलनंतर बोअरिंग बारने भोक सरळ करून घ्यावे आणि मगच रीमर लावावा. ‘रीमर चांगला नाही’ या तक्रारीचे मूळ अनेकदा रीमरच्या आधीच्या ऑपरेशनमध्ये असते. नवा रीमर मागवण्याआधी ते ऑपरेशन तपासा.

ड्रॉइंगवर १० एच७ आहे. मग रीमर बरोबर १०.००० चा घ्यायचा का?

नाही. १० एच७ म्हणजे भोक १०.००० ते १०.०१५ च्या आत. रीमर फिरताना स्वतःच्या मापापेक्षा सहसा थोडे मोठे भोक पाडतो, आणि झिजत जाईल तसा लहान होत जातो. या दोन्हींना जागा मिळावी म्हणून रीमरचे माप ठरवण्याचा नियम आहे. भोकाच्या वरच्या मर्यादेतून टॉलरन्सचे (दोन मर्यादांमधल्या फरकाचे) १५ टक्के वजा केले की रीमरचे कमाल माप मिळते. त्याच्या खाली टॉलरन्सच्या ३५ टक्क्यांपर्यंत रीमर बनवणाऱ्याला सूट असते. टक्क्यांचे आकडे पूर्ण मायक्रॉनला (०.००१ मिमी) वर धरतात.

म्हणून १० एच७ चा रीमर १०.००६ ते १०.०१२ मध्ये असतो. १२ एच७ भोक १२.०१८ पर्यंत चालते, त्याचा रीमर १२.००८ ते १२.०१५. २० एच७ ला मर्यादा २०.०२१ आणि रीमर २०.००९ ते २०.०१७. शँकवर (रीमरच्या मागच्या दांडीवर) नुसते ‘१०’ कोरलेले असेल आणि एच७ नसेल, तर तो रीमर कोणत्या फिटसाठी, म्हणजे एच७, एच८ यांपैकी कशासाठी, आहे हे विक्रेत्याला विचारल्याशिवाय घेऊ नका. एच८ चा रीमर एच७ च्या कामाला लावला तर पहिल्याच भोकाला नो-गो (भोक मोठे झाले तरच आत जाणारा गेज) आत जाऊ शकतो.

हॅन्ड रीमर आणि मशीन रीमर यांत फरक फक्त शँकचा आहे का?

शँकचा फरक डोळ्यांना दिसतो. हॅन्ड रीमरला मागे चौकोन असतो, मशीन रीमरला मोर्स टेपर किंवा सरळ गोल शँक. कामाचा फरक मात्र पुढच्या टोकाला आहे आणि निवड चुकते ती तिथेच.

रीमर कापतो तो फक्त शेंड्याच्या उतारावर. या उताराला कारखान्यात लीड किंवा चॅम्फर म्हणतात. त्याच्या मागचे लांब दाते जवळजवळ काहीच कापत नाहीत. ते भोकाला टेकून रीमरला सरळ ठेवतात आणि पृष्ठ किंचित घोटतात.

मशीन रीमरचे लीड ४५ अंशाचे आणि आखूड असते, १० व्यासाला साधारण १ ते १.५ मिमी. रीमरला सरळ धरण्याचे काम स्पिंडल करते, त्यामुळे आखूड लीड पुरते. हॅन्ड रीमरला आधार देणारे स्पिंडल नसते, हातच असतात. म्हणून त्याचे लीड लांब आणि अगदी कमी उताराचे, सुमारे १ अंशाचे, ठेवतात. ते दात्यांच्या लांबीच्या साधारण पाव भाग व्यापते. १० मिमीच्या हॅन्ड रीमरचे दाते ६६ मिमी लांब असतात, म्हणजे लीड सुमारे १६ मिमी. लांब उतारामुळे रीमर भोकात आपोआप मध्यावर येतो आणि प्रत्येक फेऱ्याला इतका कमी माल निघतो की हाताने फिरवणे जमते. १० मिमीच्या सरळ शँकच्या मशीन रीमरची एकूण लांबी हॅन्ड रीमरएवढीच, १३३ असते, पण दाते फक्त ३८ मिमीचे.

यातून दोन गोष्टी ठरतात. हॅन्ड रीमर ड्रिल मशीनला लावून चालवू नये. लांब लीडमुळे घासणारी लांबी वाढते, गरम होऊन तो जाम होतो आणि दाते तुटतात. आणि मशीन रीमर टॅप हँडलला अडकवून हाताने फिरवू नये. त्याचे आखूड लीड हाताला आधार देत नाही, मग भोकाचे तोंड घंटेसारखे पसरते.

ब्लाइंड होलमध्ये (आरपार नसलेल्या भोकात) लीडची लांबी कशी धरायची?

हा हिशेब ड्रिल मारण्याआधीच करावा लागतो, नंतर दुरुस्ती करता येत नाही. समजा १० मिमीची डावेल पिन (दोन भाग नेमक्या जागी जुळवणारी गोल पिन) २० मिमी आत बसवायची आहे. पूर्ण व्यासाचे २० मिमी हवेत, त्यापुढे लीडचे १.५, आणि चिप्स साठायला निदान ४ मिमी. म्हणजे ड्रिलची सरळ भिंत २५.५ ते २६ मिमी खोल हवी. त्याखाली ड्रिलच्या टोकाचा शंकू येतो. ११८ अंशाच्या टोकाला तो व्यासाच्या ०.३ पट, म्हणजे ९.८ च्या ड्रिलला जवळपास ३ मिमी असतो. एकूण खोली २९ मिमी होते. प्लेट ३० ची असेल तर खाली १ मिमीचा पापुद्राच उरेल. अशा वेळी डिझाइनवाल्याशी बोलून भोक आरपार करून घेणे शहाणपणाचे.

रीमर तळाला टेकता कामा नये. टेकला की लीडचे कोपरे उडतात आणि पुढच्या प्रत्येक भोकात ओरखडे येतात. तळाशी जागाच नसेल तर पुढचे टोक सपाट ग्राइंड केलेला, अगदी आखूड लीडचा रीमर मागवावा. हॅन्ड रीमर ब्लाइंड होलला लावू नये. शेवटचे १६ मिमी टेपर राहतात आणि पिन तिथेच अडकते.

रीमरसाठी भोकात किती माल ठेवावा?

मशीन रीमरसाठी ६ मिमीला ०.१ ते ०.२, १० मिमीला ०.२, २० मिमीला ०.२५ ते ०.३, ३० मिमीला ०.३ ते ०.४. हॅन्ड रीमरला याच्या निम्म्याच्या आसपास: १० मिमीला ०.१ पुरेसे, आणि ०.१५ ठेवले तर हाताला लगेच कळते.

कमी माल ठेवला की काम सोपे होईल असे वाटते, पण तसे होत नाही. माल अगदी कमी असला तर दाता धातूत शिरत नाही, वरून घासत जातो. भोक चकचकीत दिसते पण लहान निघते आणि रीमरची धार लवकर जाते. स्टेनलेसमध्ये हे फार जाणवते, कारण घासलेला थर कडक होतो. माल जास्त ठेवला तर फ्लूटमध्ये (दात्यांमधल्या खाचांत) चिप्स कोंबल्या जातात, भोक मोठे होते आणि आत रेघा उमटतात.

‘९.८ चे ड्रिल मारले, म्हणजे ०.२ शिल्लक’ हे गृहीत धरू नये. ड्रिल आपल्या मापापेक्षा मोठे भोक पाडते, आणि दोन्ही धारा सारख्या नसतील तर ते ९.९ च्याही वर जाते. मग रीमरला कापायला काही उरत नाही. १० एच७ साठी भरवशाचा क्रम असा: सेंटर ड्रिल, ९ चे ड्रिल, मग ९.८ चे ड्रिल किंवा बोअरिंग, तोंडाला हलका चॅम्फर, आणि रीमर. पहिल्या नगाला ९.८ च्या ड्रिलनंतर भोक मोजून घ्या.

सरळ फ्लूट घ्यायचा की पीळ असलेला?

ब्लाइंड होलला सरळ. आरपार भोकाला डाव्या पिळाचा, उजवीकडे फिरणारा. तो चिप्स पुढे ढकलतो, त्या खालून पडतात आणि तयार झालेल्या पृष्ठाला लागत नाहीत. भोकाला किवे (चावीची खाच) किंवा आडवे भोक छेदत असेल तर पीळ हवाच, नाहीतर सरळ दाता खाचेच्या काठावर आपटतो. उजव्या पिळाचा रीमर स्वतःला भोकात ओढून घेतो, त्यामुळे नेहमीच्या कामाला तो टाळावा.

एचएसएस, कोबाल्ट की कार्बाइड?

माइल्ड स्टील, ईएन ८ (मध्यम कार्बनचे स्टील), बीड (कास्ट आयर्न), पितळ, ॲल्युमिनियम आणि थोडे नग असतील तर साधा एम२ ग्रेडचा एचएसएस रीमर उत्तम. स्टेनलेस किंवा टणक अलॉय स्टीलला ५ टक्के कोबाल्टचा एम३५. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल कारखान्यांच्या पंप आणि व्हॉल्व्हच्या कामात ३१६ स्टेनलेस वारंवार येते, तिथे कोबाल्टची किंमत वसूल होते.

कार्बाइड तेव्हाच घ्यावा जेव्हा नग भरपूर आहेत आणि स्पिंडल तसे आहे. रीमरच्या टोकाला डायल लावून रनआउट (फिरतानाचा डोल) ०.०१ च्या आत येत नसेल तर कार्बाइडचे दाते टिकत नाहीत. जुन्या रेडियल ड्रिलवर महागडा कार्बाइड रीमर लावणे म्हणजे तो मोडायलाच लावणे. हार्ड केलेल्या जॉबला एचएसएसचा उपयोग नाही. हार्डनिंगनंतर भोक किंचित वेडेवाकडेही होते. तिथे ग्राइंडिंग, होनिंग किंवा लॅपिंगसाठी माल ठेवावा.

स्पीड आणि फीड किती?

ड्रिलच्या स्पीडच्या निम्मा किंवा तिसरा हिस्सा, आणि फीड ड्रिलच्या दुप्पट-तिप्पट. नवीन मुले बहुधा याच्या उलट करतात. स्पीड तोच ठेवतात आणि ‘फिनिश यावी’ म्हणून फीड कमी करतात. त्याने रीमर घासतो, फिनिश बिघडते.

एचएसएस रीमरला माइल्ड स्टीलमध्ये मिनिटाला ८ ते १२ मीटर, स्टेनलेसमध्ये ४ ते ६, ॲल्युमिनियममध्ये १५ ते २५. १० मिमीला १० मीटर धरले तर ३१८ आरपीएम येतात. फीड फेऱ्याला ०.२५ धरले की मिनिटाला साधारण ८० मिमी.

सीएनसीवर जी८५ सायकल वापरा. ती फीडने आत जाते आणि स्पिंडल चालू ठेवून फीडनेच बाहेर येते. जी८१ मध्ये रीमर झटक्यात बाहेर येतो आणि भोकात पिळाची लांब रेघ राहते. रीमर कधीही उलटा फिरवून बाहेर काढू नये, मशीनवर नाही आणि हातानेही नाही. उलटा फिरवला की चिप दात्याच्या पाठीमागे अडकते आणि धार फुटते. बाहेर काढतानाही सुलटाच फिरवत ओढावा.

कूलंट कोणते?

स्टीलला सोल्युबल ऑइल, पाण्यात ८ ते १० टक्के, भोकात थेट जाईल असे. वरवर शिंपडलेले तेल लीडपर्यंत पोहोचत नाही. स्टेनलेसला पाणी न मिसळलेले (‘नीट’) कटिंग ऑइल. ॲल्युमिनियमला रॉकेल किंवा रॉकेलमध्ये थोडे तेल, म्हणजे धातू धारेला चिकटत नाही. रॉकेल असताना जवळ वेल्डिंग किंवा बेंच ग्राइंडर चालू नको. बीड कोरडे चालते, फक्त भुकटी हवेने किंवा ब्रशने वारंवार साफ करावी.

भोक मोठे निघते आहे. कुठून तपासायला सुरुवात करू?

रीमर बदलण्याआधी या क्रमाने पाहा.

पहिल्यांदा रीमर मोजा. समोरासमोरच्या दोन दात्यांवर, लीडच्या लगेच मागे मायक्रोमीटर लावावा. मागच्या बाजूला मोजू नये, तिथे रीमर मुद्दाम किंचित बारीक केलेला असतो. माप बरोबर असेल तर रीमर निर्दोष धरून पुढे जा.

मग रनआउट. स्लीव्हमध्ये (शँक आणि स्पिंडल यांच्यामधल्या टेपर नळीत) चिप किंवा स्लीव्हवर घाव असेल तर रीमर डोलत फिरतो. स्लीव्ह पुसून, बोटाने चाचपून पुन्हा बसवा आणि दात्यांवर डायल लावा. ०.०२ चा डोल असला तर एच७ विसरा.

लेथवर काम असेल तर टेलस्टॉक. वर्षानुवर्षे बेडवर सरकून टेलस्टॉकचा तळ झिजतो आणि त्याचे केंद्र स्पिंडलपेक्षा खाली जाते. चकमध्ये डायल धरून टेलस्टॉकच्या टेपरमध्ये आतून फिरवली की फरक लगेच कळतो. बाजूचा फरक स्क्रूने दुरुस्त होतो. उंचीचा फरक खाली शिम (पातळ पत्रा) टाकून भरावा लागतो. तोवरचा उपाय म्हणजे फ्लोटिंग होल्डर. तो रीमरला किंचित बाजूला सरकू देतो, रीमर भोकाच्या मागे जातो आणि घंटेसारखे तोंड होत नाही. फ्लोटिंग होल्डर घेतला तरी भोक आधीच सरळ असायला हवे.

त्यानंतर धारेवर चिकटलेला धातू. मऊ स्टील आणि ॲल्युमिनियममध्ये धारेला धातूचा थर चिकटतो आणि तोच कापायला लागतो. भिंग लावून लीड पाहा. थर असेल तर स्पीड कमी करा, तेल वाढवा आणि बारीक ऑइल स्टोनने दात्याच्या पुढच्या तोंडावरून हलकेच काढा. गोल पाठीवर स्टोन फिरवू नका.

शेवटी ठेवलेला माल. ०.५ काढायला लावले तर चांगला रीमरही भोक मोठे करतो.

भोक लहान निघते, गो गेज (भोक पुरेसे मोठे असेल तर आत जाणारा गेज) जात नाही. रीमर झिजला का?

झिजला असू शकतो, पण इतर कारणेही आहेत. पातळ भिंतीचा जॉब कापताना फुगतो आणि रीमर निघाल्यावर परत आत येतो. चकमध्ये जास्त आवळलेली बुशही (नळीसारखा भाग) अशीच फसवते. चक सोडला की भोक तीन ठिकाणी दबते.

गरमीचेही गणित आहे. ॲल्युमिनियम एका अंशाला एका मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन प्रसरण पावते. २० मिमीचे भोक रीमिंग करताना २० अंशाने तापले असेल तर थंड झाल्यावर ९ मायक्रॉनने लहान होते, म्हणजे एच७ च्या २१ मधले जवळपास निम्मे. जॉब थंड झाल्याशिवाय गेज लावू नका. मापाचे प्रमाण तापमान २० अंश आहे. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ३५ अंश असताना स्टीलचा जॉब आणि स्टीलचा गेज दोघे सारखेच फुगतात, त्यामुळे फारसे बिघडत नाही. ॲल्युमिनियमच्या जॉबला मात्र स्टीलचा गेज त्याच तापमानाला ३ ते ४ मायक्रॉनची चूक दाखवतो. ग्राहक एसी खोलीत मोजणार असेल तर हा फरक हिशेबात धरूनच माल पाठवावा.

बोअर गेज बरोबर दाखवते, तरी प्लग गेज आत जात नाही. खरे कोण?

प्लग गेज खरा. भोक गोल नाही, तीन किंवा पाच कोनांचे झाले आहे. दोन टोकांवर मोजणारे बोअर डायल गेज अशा भोकात कुठूनही फिरवले तरी जवळजवळ तेच माप दाखवते, कारण एका बाजूचा फुगवटा समोरच्या बाजूच्या दाबलेल्या जागेसमोर येतो. तीन पायांचा इंटर्नल मायक्रोमीटर तीन कोनांचे भोक पकडतो. असे भोक रीमर थरथरल्याने किंवा तीन जबड्यांच्या चकने जॉब दाबल्याने होते.

१० एच७ चा गो १०.००० चा आणि नो-गो १०.०१५ चा. नो-गो बाजूला लाल पट्टी असते. गो गेज स्वतःच्या वजनाने जायला हवा. जोर लावून घातलेल्या गेजचे उत्तर धरू नये, त्याने गेजही झिजतो.

रीमर थरथरतो आणि भोकात उभे पट्टे पडतात.

स्पीड कमी करा, फीड वाढवा, रीमर होल्डरमध्ये शक्य तितका आत धरा. भोकाच्या तोंडाला चॅम्फर नसेल तर घ्या. तोंड तिरक्या पृष्ठावर असेल तर आधी स्पॉट फेस करा, म्हणजे तोंडाभोवतीची जागा सपाट करा. चांगल्या रीमरचे दाते मुद्दाम असमान अंतरावर असतात, म्हणजे कंपनाची लय जुळत नाही. सगळी अंतरे अगदी सारखी दिसत असतील तर तो रीमर अचूक कामाला ठेवू नका.

गनमेटल बुश आधी रीम करून मग बसवावी की बसवून रीम करावी?

बसवून. बुश घट्ट प्रेस केली की तिचे आतले भोक आवळते. बाहेरून जितका जादा व्यास दाबला, त्यातला बराच भाग आत उतरतो. म्हणून आतून ०.१५ ते ०.२ माल ठेवून बुश प्रेस करावी आणि हाउसिंगमध्येच रीमर फिरवावा.

डावेल पिनसाठी दोन प्लेट वेगवेगळ्या रीम केल्या तर चालेल?

दोन्ही प्लेट बोल्टने आवळून, गुण्याने तपासून एकत्र ड्रिल आणि रीम केल्या तरच पिन बसेल याचा भरवसा. एम६ टॉलरन्सची १० ची पिन १०.००६ ते १०.०१५ असते. एच७ भोकात ती कधी ९ मायक्रॉन सैल तर कधी १५ मायक्रॉन घट्ट बसू शकते. ज्या प्लेटमध्ये पिन कायम राहायची तिचे भोक खालच्या मर्यादेजवळ ठेवा. पिन सहज काढ-घाल करायची असेल तर एच६ (इथे लहान लिपीतला h) पिन घ्या, ती १० ला ९.९९१ ते १०.००० असते. ब्लाइंड होलमध्ये हवा अडकते, त्यामुळे हवा निघण्याची खाच असलेली पिन घ्यावी.

टेपर पिनचा रीमर कितीपर्यंत आत न्यावा?

मेट्रिक टेपर पिनचा टेपर १:५० असतो आणि पिनचे नाव तिच्या लहान टोकाच्या व्यासावरून. ६ बाय ५० ची पिन एका टोकाला ६ आणि दुसऱ्या टोकाला ७ मिमी. रीमर १ मिमी आत गेला की व्यास ०.०२ ने वाढतो. म्हणजे पिन ५ मिमी वर राहत असेल तर व्यासात फक्त ०.१ कमी आहे. म्हणून थोडे रीमिंग, पुसणे, पिन घालून पाहणे, असे दोन-तीनदा करावे. पिन हाताने दाबून काही मिमी वर राहिली की थांबा, बाकी हातोडीचे काम.

भोक लांब असेल तर ५.८, ६.२, ६.६ असे पायरीपायरीने ड्रिल मारून रीमरचा भार कमी करावा. एकाच ५.८ च्या भोकात रीमर घुसवला तर मोठ्या टोकाला खूप माल निघतो आणि बारीक रीमर पिळून मोडतो. मोडलेला टेपर रीमर शाफ्टमधून काढणे फार कष्टाचे.

ट्रकच्या किंग पिन (पुढची चाके ज्यावर वळतात ती पिन) बुशना ॲडजस्टेबल रीमर (माप कमी-जास्त करता येणारा) लावतात, तो एच७ ला चालेल का?

कळंबोली, तुर्भ्याच्या गॅरेजमध्ये तो योग्यच आहे, कारण तिथे प्रत्येक पिनचे माप थोडे वेगळे असते आणि बुश त्या पिनला जुळवायची असते. पात्या तिरक्या खाचांत सरकतात. एक नट सैल करून दुसरा आवळला की व्यास वाढतो. एका वेळी ०.०२ ते ०.०५ पेक्षा जास्त वाढवू नये. वरची आणि खालची बुश एका रेषेत यायला हवी. त्यासाठी लांब पायलट दांडा दुसऱ्या बुशमध्ये मार्गदर्शक शंकूने धरून रीम करावे. बुश वेगवेगळ्या रीम केल्या तर पिन दोन्हींत स्वतंत्रपणे जाते, एकत्र जात नाही. कारखान्यातल्या एकसारख्या नगांना मात्र ठरलेल्या मापाचाच रीमर घ्या.

बोथट रीमरला धार लावता येते का?

येते, पण फक्त लीडवर आणि टूल अँड कटर ग्राइंडरवरच. सगळ्या दात्यांचे लीड सारख्या उंचीचे हवे. एखादा दाता ०.०१ पुढे राहिला तर तोच कापतो आणि भोक मोठे होते. बेंच ग्राइंडरवर हाताने ते जमत नाही. लीडच्या मागची गोल पट्टी घासली की माप गेले. मापाखाली गेलेला रीमर टाकू नका, बारीक करून पुढच्या कामाच्या आधीच्या टप्प्याला वापरता येतो. धार लावून आल्यावर तो नव्या रीमरसारखाच तपासा.

पावसाळ्यात रीमर गंजतात. कसे ठेवावे?

खाडीलगतच्या दमट हवेत एचएसएसवर एका रात्रीत तांबूस डाग येतात, आणि धारेवरचा डाग म्हणजे धारच गेली. काम संपले की सोल्युबल ऑइल पुसून, रस्ट प्रिव्हेंटिव्ह तेल लावून प्रत्येक रीमर स्वतःच्या प्लॅस्टिक नळीत ठेवावा. ड्रिल, टॅप, रीमर एकाच खणात टाकले तर ते एकमेकांवर आपटून लीडचे कोपरे उडतात. लाकडी फळीला भोके पाडून उभे ठेवले, शेजारी माप आणि फिट लिहिली की शोधायलाही सोपे.

नवा रीमर घेताना काय तपासावे?

मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवरून आणा की ऑनलाइन मागवा, शँकवर माप, फिट आणि मटेरिअल कोरलेले हवे. दात्यांची संख्या सम असेल तर साध्या मायक्रोमीटरने मोजता येतो. विषम असेल तर व्ही अँव्हिलचा मायक्रोमीटर लागतो. नख लीडच्या प्रत्येक धारेवर आडवे ओढा, अडखळले तर तिथे खाच आहे. नंतर ज्या धातूत काम करायचे त्याच धातूच्या तुकड्यात, त्याच मशीनवर, त्याच तेलाने तीन भोके पाडा. थंड झाल्यावर तोंडाशी, मध्ये आणि तळाशी मोजा. तिन्ही भोकांची मापे मर्यादेच्या मधल्या भागात आली तरच ग्राहकाचा जॉब चकमध्ये धरा. तपासलेल्या रीमरच्या नळीवर तारीख आणि निघालेले माप लिहून ठेवा, म्हणजे महिन्याभराने तो किती झिजला हे मोजून सांगता येते.